पुणे-नागपूर : हिशेब पाऊण तासाचा, प्रवास दीड तासाचा

पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर आहे. प्रवासी जेट विमान पुरेशा उंचीवर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने उडते. साधा भागाकार केला, तर पाऊण तासात नागपूर गाठता यायला हवे. वेळापत्रकात मात्र या प्रवासासाठी साधारण सव्वा ते दीड तास दाखविलेला असतो. मग उरलेला वेळ जातो कोठे?

पहिले कारण मार्गाचे. सरळ अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट. विमानाला मात्र नेमून दिलेल्या हवाई मार्गाने जावे लागते. शिवाय विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उड्डाण करते आणि तसेच उतरते. लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा वाहत असताना विमान पश्चिमेकडे झेपावते आणि मग वळून पूर्वेची वाट धरते. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ असल्याने तेथील लष्करी उड्डाणांशीही मेळ घालावा लागतो.

दुसरे कारण वेगाचे. दहा हजार फुटांखाली विमानाचा वेग साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरपर्यंत मर्यादित ठेवला जातो. तीस हजार फुटांवरून खाली येण्यास सुमारे १६५ किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. वर चढतानाही जवळपास तेवढेच अंतर कापले जाते. म्हणजे ६०५ किलोमीटरपैकी निम्म्याहून अधिक अंतर चढण्या-उतरण्यातच संपते. लांबच्या प्रवासात हा वेळ फारसा जाणवत नाही. जवळच्या प्रवासात तोच जड जातो.

तिसरे कारण वेळापत्रकाच्या व्याख्येचे. त्यातील वेळ चाके जमिनीवरून उचलल्यापासून मोजली जात नाही. विमान जागेवरून हलल्यापासून ते मुक्कामी उभे राहीपर्यंतचा सारा काळ त्यात येतो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, रांगेतील प्रतीक्षा आणि संभाव्य विलंबासाठी राखलेली काही मिनिटे त्यातच असतात.

वाऱ्याचाही वाटा आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे पुण्याहून नागपूरला जाताना वारा पाठीशी असतो, तर परतताना तो समोरून येतो.

एवढे असूनही विमानाचा फायदा मोठा आहे. दौंड, मनमाड, भुसावळमार्गे लोहमार्गाचे अंतर सुमारे ८८० किलोमीटर भरते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारत एक्सप्रेसलाही त्यासाठी सुमारे बारा तास लागतात. विमानाने मात्र विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे, शहरातील वाहतूक आणि सामान मिळण्याची वाट पाहणे हे सारे धरले, तरी घरापासून घरापर्यंतचा प्रवास पाच-सहा तासांत होऊ शकतो.

म्हणूनच नागपूरहून मुलाखतीसाठी किंवा रुग्णालयातील ठरलेल्या वेळेसाठी पुण्याला निघणाऱ्याने किलोमीटरचा भागाकार करून बेत आखू नये. पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर पकडायचे असेल, तर अधिकच सावध राहावे. पहिल्या विमानास उशीर झाल्याने दुसरे चुकले, तर त्याचा भुर्दंड बहुधा प्रवाशालाच सोसावा लागतो.