पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हाती

सटाणा हे नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्याचे मुख्यालय. कांदा, डाळिंब व द्राक्षे ही या भागातील महत्त्वाची पिके. सातबारावरील पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि खातेदारास ही नोंद स्वतः मोबाइलवरून करता येऊ लागली. गट क्रमांक, पीक व क्षेत्र नमूद करावयाचे, शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि माहिती पाठवावयाची, अशी ही पद्धत आहे.

या नोंदीचे मोल २०२३ साली विशेषत्वाने जाणवले. त्या वर्षी फेब्रुवारी व मार्चमध्ये विकलेल्या कांद्यास शासनाने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले. मर्यादा २०० क्विंटलची, म्हणजे एका शेतकऱ्यास कमाल ७०,००० रुपये. मात्र सातबारावर कांद्याची नोंद आवश्यक होती. कांदा पिकविला, विकलाही, पण नोंद नाही, अशा शेतकऱ्यांसाठी पुढे गावपातळीवरील समितीमार्फत पडताळणीची सोय करावी लागली.

ज्याच्याजवळ मोबाइल नाही अथवा ज्यास तो हाताळता येत नाही, त्याने या सोयीपासून वंचित राहू नये. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांनी हंगामाची मुदत संपण्यापूर्वी अशा शेजाऱ्यांना हात दिल्यास साधन गावातील शेवटच्या खातेदारापर्यंत पोहोचेल. सेवा मोबाइलवर आली, तरी ती घराघरांत नेण्याचे काम माणसांनीच करावयाचे आहे.