मका टाकला कुणासाठी, खातंय कोण!

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्हणजे व्हाइटटेल, हा शिकाऱ्यांचा राष्ट्रीय ध्यास. त्यातही मान आहे तो पाच-सहा वर्षांच्या मुरलेल्या नराला. त्याला भुलवायला तिथे टनावारी मका रानात ओतला जातो. हा म्हातारा खरंच भुलतो का? यातली गंमत मोठी आहे.

वेळेवर जेवण

टेक्सासमधल्या फीडरचा, म्हणजे दाणे उधळणाऱ्या यंत्राचा, ठरलेला थाट असा: तिपाईवर उभं केलेलं ५५ गॅलनचं पिंप, त्यात जवळपास दीडशे किलो मका, खाली गरगरणारी चकती आणि सोबत बॅटरी, टायमर, सोलर पॅनेल. पहाटे आणि संध्याकाळी चकती काही सेकंद फिरते आणि दाणे चहूकडे उडतात. हरणं त्या आवाजाला इतकी सरावतात की खर्रर्र ऐकताच झाडीतून बाहेर येतात. हंगामात ‘डिअर कॉर्न’च्या गोण्या पेट्रोल पंपावरही रचलेल्या असतात. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी घरांना ही नोव्हेंबरची खूण पाठ असेल.

बिनबुलाए पाहुणे

फीडरचं पहिलं गिऱ्हाईक बहुधा रॅकून. तो तिपाईच्या पायावरून सरसर चढतो, चकतीला हात घालून ती स्वतःच फिरवतो आणि टायमरची वाट न बघता पोट भरतो. म्हणून चकतीभोवती लोखंडी पिंजरा बसवावा लागतो. मग येतात रानडुकरं, तीही कळपाने. त्यांच्यासाठी फीडरभोवती अडीच-तीन फुटांचं जाळीचं कुंपण घालतात. हरीण ते सहज ओलांडतं, डुकराला जमत नाही. पण पाडसालाही जमत नाही, त्यामुळे कुणाला उपाशी ठेवायचं याचा हिशेब मालकालाच करावा लागतो.

म्हातारा दमाने घेतो

दाणे उडाले की आधी माद्या येतात, मग कोवळे नर. मुरलेला नर सहसा थेट आत शिरत नाही. फीडरवरून येणारा वारा आपल्या नाकाशी पोचेल अशी जागा धरून तो झाडीत उभा राहतो, सगळ्यांचा वास घेतो आणि पटलं तरच पुढे सरकतो. बहुतेकदा तेही अंधार पडल्यावर. त्यामुळे जाणता शिकारी बंदूक फीडरवर न रोखता म्हाताऱ्याच्या त्या उभं राहायच्या जागेवर डोळा ठेवतो.

खरं आमिष वेगळंच

नोव्हेंबरच्या आसपास नर माजावर आला की त्याचं खाण्यावरून लक्ष उडतं. धावपळीत त्याचं वजन पाव हिश्शापर्यंत घटू शकतं. या दिवसांत तो फीडरकडे येतो तो मक्यासाठी नव्हे, मक्यावर आलेल्या माद्यांसाठी. शिकारी दाणे टाकतो माद्यांना आणि वाट बघतो त्यांच्यामागे येणाऱ्या नराची.

ओकपुढे मका फिका

व्हाइट ओकची फळं गळू लागली की फीडर ओस पडतात. या फळात टॅनिन कमी, म्हणून तुरटपणाही कमी. फळं भरघोस आली त्या वर्षी शिकारी पिंपाखाली ताटकळतात आणि हरणं रानात फुकटची मेजवानी झोडतात.

आमिष नाही, तरी जास्त शिकार

साउथ कॅरोलायनात अनेक वर्षं मजेशीर स्थिती होती. किनाऱ्याकडच्या भागात खासगी जमिनीवर आमिष चालायचं, डोंगराकडच्या भागात बंदी. राज्याच्या वन्यजीव खात्याने दोन्हींची तुलना केली तेव्हा बंदीच्या भागातल्या शिकाऱ्यांना कमी वेळात जास्त हरणं मिळत असल्याचं दिसलं. मग मका बंद झाला? छे! उलट २०१३ मध्ये डोंगराकडच्या भागातही परवानगी मिळाली.

वय कसं ओळखायचं?

शिकारी ‘साडेपाच वर्षांचा’ म्हणतात, कारण पाडसं उन्हाळ्याच्या तोंडावर जन्मतात आणि शिकार हिवाळ्याच्या तोंडावर होते. ते अर्धं वर्ष त्यातलंच. जिवंत नराचं वय अंगलोटावरून ताडतात. मान थेट छातीत मिसळलेली, पाठीला बाक, पोट लोंबलेलं आणि छाती इतकी खोल की पाय आखूड वाटतात. शिकार झाल्यावर दाखला दातांचा. दाढांच्या झिजेवरून वय ओळखायची पद्धत १९४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेव्हरिंगहाउस या जीवशास्त्रज्ञाने मांडली, ती अजून चालते.

कानाची फूटपट्टी

टेक्सासच्या बऱ्याच काउंटींमध्ये नराच्या शिंगांमधलं आतलं अंतर १३ इंच हवं असा नियम आहे. आता रानात टेप घेऊन कोण जाणार? पण कान टवकारलेल्या नराच्या दोन कानांच्या टोकांत साधारण तेवढंच अंतर असतं. शिंगं कानांच्या बाहेर गेलेली दिसली तर पुढचा विचार, नाहीतर बंदूक खाली. कोवळ्या नरांना मोठं होऊ द्यायचं, हा त्यामागचा हेतू.

केशरी चालेल, निळं नको

अनेक राज्यांत शिकाऱ्याने भडक केशरी घालणं सक्तीचं आहे, दुसऱ्या शिकाऱ्याने माणूस ओळखावा म्हणून. हरणाला मात्र लाल-केशरी रंग नीट ओळखू येत नाही. निळा त्याला छान दिसतो. म्हणजे लखलखीत केशरी जाकीट खपून जाईल, पण निळी जीन्स घात करेल.

खरोखरचं गाजर

मिशिगनमध्ये मक्याबरोबर गाजरं, सफरचंदं आणि शुगर बीटही आमिष म्हणून टाकायची रीत. पण राज्याच्या खालच्या द्वीपकल्पात २०१९ पासून बंदी आली. वरच्या द्वीपकल्पात मोकळीक राहिली, तीही एका ठिकाणी दोन गॅलनपर्यंत आणि पसरून टाकायच्या अटीवर. ढीग घातला की सगळ्यांची तोंडं एकाच जागी येतात, म्हणून.

एका ताटात जेवू नये

मिशिगनच्या या बंदीमागचं मोठं कारण म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला बंदिस्त म्यूल हरणांमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला. आता तीसहून जास्त राज्यांत पोचला आहे. कारण ना जिवाणू ना विषाणू, तर प्रायॉन नावाचं बिघडलेलं प्रथिन. ते लाळेतून, लघवीतून मातीत उतरतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. रोगी हरीण खंगत जातं, इलाज नाही.

मका बाधतोही

हरीण रवंथ करणारं. हिवाळाभर काड्या-कोंब चघळणाऱ्या पोटातले सूक्ष्मजीव त्याच अन्नाला सरावलेले असतात. बदलायला त्यांना काही आठवडे लागतात. अशा उपाशी हरणाला दया म्हणून एकदम ढीगभर मका घातला तर पोटात आम्ल वाढून ते भरल्या पोटी मरतं.

बदकाला नाही, हरणाला हो

बदकांसाठी दाणे टाकून शिकार करायला अमेरिकेत १९३५ पासून देशभर बंदी आहे. मका उचलून नेला तरी पुढचे दहा दिवस ती जागा बाटलेलीच धरतात. हरणाबाबत मात्र राज्यागणिक कायदा. इलिनॉयमध्ये हरणांपुढे चारा टाकणंच गुन्हा, पण उभ्या मक्याच्या शेतात शिकार केली तर चालते. तोच मका, फक्त ताटाला लागलेला! आपल्याकडे हा काथ्याकूट नाही: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच आमिष दाखवणं येतं.

कॅमेऱ्याचीही गच्छंती

फीडरसमोर झाडाला कॅमेरा बांधून कोण, कधी, किती वाजता आलं याची हजेरी ठेवणं सर्रास चालतं. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे लावायला मनाई केली. प्राण्यालाही सुटायची संधी हवी, असा तिथला युक्तिवाद.

तीन लाखांवरून तीन कोटी

१९०० च्या सुमाराला बाजारू शिकारीमुळे देशात तीन ते पाच लाख व्हाइटटेल उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. १९०० च्या लेसी कायद्याने चोरट्या मांसाच्या आंतरराज्य धंद्याला वेसण घातली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफल आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांकडे वळला. बंदूक विकत घेणाराच हरणांचा खर्च उचलतो.

विक्रमवीर कोण?

शिंगांचे विक्रम मोजतो बून अँड क्रॉकेट क्लब, थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये काढलेला. सरळ, समतोल शिंगांचा उच्चांक २१३ ५/८ इंच: १९९३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये मायलो हॅन्सन या शेतकऱ्याने बर्फातल्या मागावरून, सोबत्यांसह हाका घालून मिळवलेला. वेड्यावाकड्या शिंगांच्या यादीतला पहिला नर मिसुरीचा, ३३३ ७/८ इंचांचा. तो १९८१ मध्ये सेंट लुइस शहराला लागून असलेल्या भागात मरून पडलेला सापडला. दुसरा ओहायोचा, १९४० च्या सुमाराला रेल्वेमार्गाजवळ, तोही मेलेलाच. माणसांच्या दारात राहून, शिकाऱ्याच्या हाती न लागता दोघांनी आपलं आयुष्य पुरं केलं. म्हातारं होण्याची कला यालाच म्हणत असावेत.