शिंकान्सेनचा अग्रभाग आणि बोगद्याची समस्या

अतिवेगवान रेल्वेगाडीचे लांब, निमुळते नाक केवळ हवेचा अवरोध कमी करण्यासाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. जपानमधील शिंकान्सेनच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. तेथे नाकाचा आकार मुख्यतः बोगद्यांनी ठरविला.

१९६४ मध्ये तोकियो–ओसाका मार्गावर ही सेवा ताशी २१० किमी वेगाने सुरू झाली. १९७५ मध्ये हाकाता येथवर पूर्ण झालेल्या सान्यो मार्गाचा सुमारे निम्मा भाग बोगद्यांतून जातो. गाडी बोगद्यात शिरते तेव्हा पंपातील दट्ट्याप्रमाणे पुढील हवा दाबली जाते. हा दाबतरंग ध्वनीच्या वेगाने पुढे सरकतो. लांब बोगद्यात, विशेषतः खडीऐवजी काँक्रीटच्या पायावर रूळ असल्यास, त्याची कड अधिकाधिक तीव्र होत जाते आणि दुसऱ्या तोंडाशी स्फोटासारखा आवाज होतो. त्याची तीव्रता वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अर्थात वेग २१० वरून ३०० वर नेल्यास ती जवळजवळ तिप्पट होते. याची झळ प्रवाशांना नव्हे, तर बोगद्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांना बसते. निवासी भागात शिंकान्सेनच्या आवाजाची मर्यादा ७० डेसिबल असावी, असे मानक जपानने १९७५ मध्येच ठरविले होते.

यावर उपाय दोन. बोगद्याच्या तोंडाशी झरोके असलेली कमान उभारणे, किंवा गाडीचा छेद हळूहळू वाढत जाईल असे नाक घडविणे. १९९७ मध्ये ताशी ३०० किमी वेगाने धावू लागलेल्या ५०० मालिकेचे नाक तब्बल १५ मीटर लांब होते. पक्षिनिरीक्षणाचा छंद असलेले अभियंते एइजी नाकात्सु यांना त्यासाठी खंड्या पक्ष्याच्या चोचीचे साम्य उपयोगी पडले. ही कथा फार लोकप्रिय झाली. तथापि तिच्या भरात त्या नाकाची किंमत विसरली जाते. टोकाच्या डब्यातील आसने घटली, चालकाकडील प्रवासीद्वार गेले, डब्याच्या नळीसारख्या गोल छेदामुळे खिडकीजवळची जागा आखडली. महागड्या अशा या गाड्या केवळ ९ बांधल्या गेल्या. २००७ च्या एन ७०० मालिकेने तोच वेग १०.७ मीटर लांबीच्या नाकाने साधला. मात्र त्याचा आकार संगणकीय पद्धतीने शोधावा लागला.

जपानी तंत्रज्ञानावर आधारित मुंबई–अहमदाबाद मार्गावर वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा २१ किमीचा बोगदा असून त्यातील ७ किमी ठाणे खाडीखालून जातो. ताशी ३२० किमी वेगासाठी नियोजित या मार्गावर शिळफाट्याच्या तोंडाशी गाडी कोणत्या वेगाने बोगद्यात शिरते, यावर तेथील कमानीची लांबी अवलंबून राहील.