आईची चटणी आणि आयोडीनची गोळी

"आई, या चटणीत मीठ घातलंयस का गं?"

आई डर्बीला पोचून तास पण झाला नव्हता. बॅग उघडून ती एकेक पिशवी ओट्यावर मांडत होती. सांगलीची वर्षाची चटणी, कैरीचं लोणचं, उडदाचे पापड, कुरडया. माझ्या प्रश्नावर तिनं बघितलं ते असं, की इंग्लंडला येऊन पोरगी साधं स्वयंपाकघर विसरली! "मीठ नाही घातलं तर टिकेल कशी चटणी?"

तिनं आणलेल्यातलं काहीही मला तूर्त चालणार नव्हतं.

मी तेहतीस वर्षांची, सॉफ्टवेअर इंजिनिअर. मे महिन्यात थायरॉइडच्या कॅन्सरसाठी माझं ऑपरेशन झालं. पूर्ण ग्रंथी काढली. आईला मी कळवलंच नव्हतं. उगाच काळजी नको, एवढंच डोक्यात. जूनमध्ये व्हिडिओ कॉलवर मी गळाबंद स्वेटर घालून बसायचे. दोन-तीनदा ती म्हणाली, "तिकडं अजून थंडीच आहे होय?" मी हो म्हणून विषय बदलायचे.

मग रिपोर्ट आला. मानेतल्या दोन लिम्फ नोड्समध्येही कॅन्सरच्या पेशी सापडल्या होत्या, त्यामुळे पुढचा उपचार लागणार होता. हा उपचार प्रत्येक थायरॉइड कॅन्सरला लागतोच असं नाही. मला लागणार होता, आणि त्यासाठी घरात आणखी एक माणूस हवं होतं. त्या रात्री स्वेटर न घालता फोन लावला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "व्हिसाला कागद काय काय लागतात, सांग."

उपचाराचं नाव रेडिओॲक्टिव्ह आयोडीन. शरीरात आयोडीन साठवून ठेवण्याचं काम मुख्यतः थायरॉइडच्या पेशी करतात. या प्रकारच्या कॅन्सरच्या बऱ्याचशा पेशींनीही ती सवय सोडलेली नसते. म्हणून किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी गिळायची. ऑपरेशननंतर कुठं उरलेल्या पेशी असतील, तर त्या ते आयोडीन ओढून घेतात आणि त्यातच संपतात. पण त्यासाठी आधी त्यांना उपाशी ठेवायला लागतं. म्हणून गोळीआधी दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार.

इथंच माझी दोन्ही घरं अडचणीत आली. भारतात आपल्या पोटात आयोडीन जातं ते मुख्यतः मिठातून. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी कांगडा खोऱ्यात गलगंडावरचा अभ्यास सुरू केला, १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि पुढं आयोडीनचं मीठ घरोघरी पोचलं. आईच्या चटणीत तेच मीठ. ब्रिटनमध्ये दुकानातलं साधं मीठ बहुतेक बिनआयोडीनचं. इथं आयोडीन येतं दुधातून, कारण गाईंच्या खाद्यात ते घातलेलं असतं. मी राहते त्या डर्बीशायरमध्ये गलगंड एकेकाळी इतका होता, की त्याला 'डर्बीशायर नेक' असंच नाव पडलं होतं.

म्हणजे सांगलीचं मीठ बंद आणि डर्बीचं दूधही बंद. दही, चीज, मासे, अंड्याचा पिवळा बलक, समुद्री मीठ, सगळं बंद. चहा ओट्सच्या दुधाचा. तो आईनं एकदाच चाखला. "आजारी माणसाला हे देतात?"

पण यादी हातात आल्यावर तिचा सूर बदलला. वरण-भात चालतो? चालतो. भाकरी, पिठलं, बटाट्याची भाजी? इथलं साधं मीठ घालून सगळं चालतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या नवऱ्याला घेऊन लेस्टरला गेली, सुक्या मिरच्या आणल्या आणि लसूण घालून ताजी चटणी वाटली. "टिकायची गरजच काय, रोज करीन."

तिला खरी भीती होती 'रेडिओॲक्टिव्ह' या शब्दाची. मी सांगितलं, हाच उपचार आपल्याकडंही होतो. मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. 'टाटा' ऐकल्यावर ती जरा निवांत झाली. या आयोडीनची ताकद दर आठ दिवसांनी निम्मी होते, आणि बरंचसं तर आधीच लघवीवाटे निघून जातं. म्हणून भरपूर पाणी प्यायचं, फ्लश दोनदा करायचा, टॉवेल वेगळा ठेवायचा.

माझी भीती वेगळी होती. लेक तीन वर्षांची आहे. हॉस्पिटलच्या खोलीत एक-दोन दिवस एकटीनं राहायचं, ते जमेल. पण घरी आल्यावरही दोन आठवडे तिला मांडीवर घ्यायचं नाही, शेजारी झोपवायचं नाही. ती दाराशी येऊन रडली तर? गेला आठवडा आम्ही सराव करतोय. मी वरच्या खोलीत, ती जिन्याच्या पायथ्याशी, आणि मध्ये आजी. पहिल्या दिवशी लेक रडली. मीही रडले, पण दार लावून. आता ती खालूनच पापी फेकते आणि आजीजवळ झोपते. आणखी एक गोष्ट, जी लिहायला जड जाते. उपचारानंतर निदान सहा महिने गरोदर राहायचं नाही. दुसऱ्या बाळाचा विचार आम्ही यंदाच करणार होतो. तो पुढं ढकलला.

इथं अशा वळणावर असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इक्वॅलिटी ॲक्ट २०१० नुसार कॅन्सरचं निदान झाल्या दिवसापासून कायद्याचं संरक्षण मिळतं, त्यामुळे मॅनेजरशी बोलताना मिंधं वाटून घेऊ नका. आणि इंग्लंडमध्ये २००९ पासून कॅन्सरच्या रुग्णांना औषधं मोफत आहेत, फक्त सवलतीच्या सर्टिफिकेटचा फॉर्म जीपीकडून भरून घ्यायला लागतो.

तिसरी गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती. आईला सांगा. मला वाटत होतं, मी तिला काळजीतून वाचवतेय. खरं तर तिला करण्यासारखं जे होतं, तेच मी तिच्यापासून काढून घेतलं होतं.

आज आहाराचा दहावा दिवस. मंगळवारी आणि बुधवारी इंजेक्शन, गुरुवारी गोळी. सांगलीची चटणी आईनं डब्यात भरून कपाटात वर ठेवलीय. डब्यावर चिठ्ठी चिकटवलीय, "डॉक्टरांनी सांगितल्यावर".