रक्त दिले गरिबांनी, औषध कोणाला?

घरातील कर्त्या माणसाचे अंग आपोआप हलू लागले, तोल जाऊ लागला, जीभ अडखळू लागली, की कोणी करणी म्हणतो, कोणी सुनेच्या पायगुणाला दोष देतो. हंटिंग्टन या आजारात नेमके असेच होते. तो बहुधा तिशी ते पन्नाशीत उघड होतो आणि पुढे बुद्धी व स्वभावही बिघडतो. हा आजार स्पर्शाने होत नाही आणि कोणाच्या कोपाने तर नाहीच. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून सदोष जनुक आल्याने तो होतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला तो जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते.

या जनुकाचा शोध कसा लागला, तेही समजून घेऊ. व्हेनेझुएला देशात माराकाइबो सरोवराच्या काठी गरीब कोळ्यांच्या वस्त्या आहेत. तेथे या आजाराचे रुग्ण फार मोठ्या संख्येने आढळले. १९५० च्या दशकात डॉ. आमेरिको नेग्रेत्ते यांना हे लोक प्रथम दारू प्यायलेले वाटले. पण तो आजार होता. १९७९ पासून अमेरिकेच्या डॉ. नॅन्सी वेक्सलर तेथे वर्षानुवर्षे जात राहिल्या. त्यांची आई याच आजाराने १९७८ मध्ये वारली होती. वस्तीतील लोकांनी विश्वासाने आपले रक्त दिले आणि हजारो माणसांची वंशावळ तयार झाली. त्यातूनच १९८३ मध्ये जनुकाची जागा चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे कळले आणि १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक सापडला.

आता त्यावर जनुकोपचाराचे प्रयोग चालले आहेत. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या कवचात औषध भरून, शस्त्रक्रियेने ते मेंदूच्या आतील भागात सोडतात. घातक प्रथिन कमी तयार व्हावे, हा हेतू. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिक्युअर या कंपनीने जाहीर केले, की मोठी मात्रा घेतलेल्यांमध्ये तीन वर्षांत आजाराची वाढ ७५ टक्क्यांनी मंदावली. मात्र तीन वर्षे पुरी झालेले रुग्ण अवघे १२ होते. म्हणून आजार बरा झाला असे कोणी सांगितल्यास भुलू नये.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, जमा-नावे पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. याच कंपनीने विकसित केलेल्या हिमोफिलियावरील जनुकोपचाराची किंमत अमेरिकेत २०२२ मध्ये ३५ लाख डॉलर ठरली. माराकाइबोच्या कोळ्यांच्या नावावर रक्त जमा आहे. उद्याचे औषध त्यांच्या झोपडीपर्यंत पोहोचेल काय? हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. औषध बाजारात आल्यावर विचारून उपयोग नाही.

तोवर आपल्या हाती आहे ते करू या. अशी लक्षणे दिसल्यास भगताकडे न जाता मोठ्या सरकारी रुग्णालयातील मेंदूविकार विभागात जावे. रक्ततपासणी करावी की नाही, हे सज्ञान माणसाने समुपदेशन घेऊन स्वतः ठरवावे. घरच्यांनी सक्ती करू नये. आणि रुग्णाला दारुडा व सुनेला अवदसा म्हणणे आजपासून बंद करावे. त्याला तर एक पैसाही लागत नाही!