खडकाचं ऐकलं, छातीचं राहिलं

बनशंकरी म्हटलं की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना बदामीजवळची कुलस्वामिनी आठवते. मी राहते ती बनशंकरी बंगळुरूच्या दक्षिण अंगाला. इथेही देवीचं देऊळ आहे, राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवे लावणाऱ्या बायकांची रांग असते, जवळ मेट्रोचं स्थानक आहे. आणि आउटर रिंग रोडवर ईश्वरनगरात केंद्र सरकारची एक संस्था आहे, जिच्यावरून रोज हजारो गाड्या जातात, पण आत काय चालतं ते क्वचितच कुणाला ठाऊक असतं. तिचं नाव राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था. धरणाजवळचं भूमिगत वीजगृह, डोंगरातला बोगदा किंवा खाण खोदताना खडक कसा वागेल, हे मोजून सांगणं हे तिचं काम. १९८८ साली तिची स्थापना झाली ती मात्र इथे नव्हे, शंभरेक किलोमीटरवरच्या कोलार गोल्ड फील्ड्समध्ये. तिथल्या खाणींत खडक माणसांच्या अंगावर फुटत होता आणि तो कधी, कुठे फुटेल हे आधी कळणं गरजेचं झालं होतं.

कामगारांच्या सुरक्षिततेवर लिहायचं ठरवलं की पहिल्यांदा कायदे आठवतात. मला कोलार आठवतं, कारण सुरक्षिततेचा अभ्यास माणूस किती चिकाटीने करू शकतो आणि त्याच जागी दुसरीकडे किती काळ डोळेझाक करू शकतो, हे दोन्ही तिथे शेजारी शेजारी दिसतं.

जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने १८८० च्या सुमारास तिथे काम हाती घेतलं. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रची वीज खाणींपर्यंत पोहोचली. बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी. चँपियन रीफ, मैसूर, ऊरगाम, नंदीदुर्ग या खाणींतून एकूण आठशे टनांच्या आसपास सोनं निघालं. सोन्याची शीर जवळजवळ उभी खाली गेलेली, म्हणून माणसंही तिच्यामागे खाली गेली. शेवटी चँपियन रीफची खोली ३.२ किलोमीटर झाली. तिथल्या खडकाचं तापमान ६० अंशांच्या वर. वरून थंड केलेली हवा खाली सोडल्याशिवाय तिथे उभं राहणंही अशक्य होतं.

ही खोली किती, हे कोयनेच्या उदाहरणाने आपल्याकडच्या वाचकाला चटकन कळेल. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेच्या खडकात नेमकं काय घडतं ते पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी गोठणे येथे भोक पाडलं. २०१७ मध्ये ते तीन किलोमीटरपर्यंत गेलं आणि देशभर त्याचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. कोलारमध्ये तेवढ्या खोलीवर माणसं पिंजऱ्यातून उतरत, पाळी करत आणि वर येत. त्याच खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांबरोबर दोन किलोमीटरहून खोल उपकरणं बसवली आणि १९६५ मध्ये वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद केली. वरून येणारे बाकीचे कण त्या जाड खडकात अडकून पडत, म्हणून ते शक्य झालं. कोलारविषयी बोलताना हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आता रॉकबर्स्टकडे, म्हणजे खडकस्फोटाकडे येते. चार खांबांवर उभ्या पडवीचे दोन खांब काढले की छपराचा सगळा भार उरलेल्या दोनांवर येतो. सोन्याची शीर खोदून पोकळी झाली की वरच्या खडकाचा भार तसाच बाजूच्या खडकावर सरकतो. मऊ खडक असेल तर तो हळूहळू दबतो, वाकतो, सूचना देतो. कोलारचा खडक टणक आणि ठिसूळ. तो ताण आत साठवून ठेवतो आणि एका क्षणी सगळा सोडून देतो. टनावारी दगड पोकळीत फेकला जातो. मोठा स्फोट असला तर जमिनीवरच्या वस्तीतली भांडी पडायची, भिंतींना तडे जायचे. पहिली नोंद १८९८ सालची आहे. खाणी जसजशा खोल गेल्या तसे हे स्फोट वाढले, आणि सर्वांत जास्त वाढले ते भ्रंशरेषांच्या आणि आडव्या घुसलेल्या डाइक-खडकांच्या आसपास.

यावर काय काय केलं गेलं, ते मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे आणि अजून माझं समाधान झालेलं नाही. आधी पोकळीत टाकाऊ दगड भरून पाहिले. ते भाराखाली फार दबत. मग घडवलेल्या ग्रॅनाइटच्या भिंती रचल्या. त्या पुष्कळ टिकल्या, पण अतिताठ असल्याने काही ठिकाणी त्याच फुटू लागल्या. नंतर काँक्रीट आलं. कुठली बाजू आधी खोदायची, भ्रंशरेषेकडे जायचं की तिच्यापासून दूर, मध्ये खडकाचा खांब ठेवायचा की नाही, याचे क्रम बदलत गेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीने खाणींत आणि जमिनीवर भूकंपमापक संवेदकांचं जाळं उभं राहिलं. खडकाची बारीकशी करकरही कुठून आली, किती जोराची होती, हे कळू लागलं. एखाद्या भागात अशा नोंदी अचानक वाढल्या की तिथून माणसं हलवता येत. बनशंकरीतल्या संस्थेचं मूळ याच ऐकण्यात आहे.

मी कोलारला गेले ती बंगळुरूहून बंगारपेटमार्गे मारिकुप्पमला जाणाऱ्या गाडीने. कोरोमंडल, ऊरगाम, चँपियन, अशी स्टेशनांची नावंही खाणींवरून पडलेली. २८ फेब्रुवारी २००१ ला खाणी बंद झाल्या. आज दिसतात त्या गंजलेल्या शाफ्टच्या उंच चौकटी आणि सायनाइड वापरून सोनं काढल्यावर उरलेल्या मातीचे राखाडी डोंगर. उन्हाळ्यात वारा सुटला की ती धूळ घराघरांत जाते. एका निवृत्त कामगाराच्या ओसरीवर बसले होते. तमिळ आणि कन्नड मिसळून ते सांगत होते की सुरुंग पाळी संपताना उडवत, म्हणजे खडक चिडला तरी खाली माणसं कमी. नवा पोरगा आला की त्याला पहिल्यांदा शिकवायचं ते हातोडीने छत ठोकून आवाज ऐकायला. भरीव आवाज आला तर उभं राहायचं, पोकळ आला तर मागे फिरायचं. हे सांगताना ते मध्येच थांबत होते. मला वाटलं, आठवतायत. त्यांच्या मुलीने हळूच सांगितलं की त्यांना एका दमात एवढं बोलता येत नाही.

कोलारची दुसरी गोष्ट ही अशी आहे. दगडाला भोक पाडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात, भोवती व्रण धरतात, तो भाग कडक होतो आणि श्वास आखूड होत जातो. क्षयाला अशी छाती आयती सापडते. याला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर औषध नाही. भारतात हा रोग पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९३४ मध्ये, कोलारच्याच कामगारांत. चाळीसच्या दशकात ७,६५३ कामगारांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे ४४ टक्के जणांना तो निघाला. जमिनीखालचं कष्टाचं काम करणारे बहुतेक जण उत्तर अर्काट भागातून आलेले दलित होते, हेही इथे सांगायला हवं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये कोलार गोल्ड फील्ड्सला आले होते, ते याच कामगारांच्या वस्तीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. खडकस्फोट झाला की माणसं मरत आणि सोन्याचा भागही बुजून जाई, उत्पादन थांबे. म्हणून त्याचा पिढ्यानपिढ्या अभ्यास झाला. धूळ उत्पादन थांबवत नव्हती. ती कामगाराबरोबर घरी जाई आणि नोकरी संपल्यावर, खाटेवर, आपला हिशेब पुरा करी. त्या धुळीवर पाणी मारून भोक पाडण्याचा उपाय होता, हवा खेळवण्याचा होता, आणि त्यांतलं बरंच काही अमलातही आलं. पण खडकाला जशी सतत कान लावणारी यंत्रणा मिळाली तशी छातीला मिळाली नाही. राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था निघाली ती १९९० मध्ये. तिची प्रयोगशाळा कोलारमध्ये होती, मुख्यालय नागपूरला. २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली.

युरोपात काय झालं? १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणशास्त्राच्या ग्रंथात गेऑर्ग अ‍ॅग्रिकोलाने कार्पेथियन डोंगरातल्या बायकांबद्दल लिहून ठेवलं आहे : खाणीच्या धुळीने एकामागून एक सात नवरे गेलेल्या बायका तिथे होत्या. म्हणजे कारण माहीत होतं, चारशे वर्षांहून अधिक काळ. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेल इथे कोळशाच्या खाणीत आग लागून २६२ माणसं गेली, त्यांतली निम्म्याहून जास्त इटलीहून आलेली. त्या धक्क्यातून युरोपीय देशांनी खाणसुरक्षेसाठी एकत्र यंत्रणा उभारली. पुढे १२ जून १९८९ चा सुरक्षिततेचा मूळ निर्देश आला आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा बदल त्यात आहे. अपघात झाल्यावर भरपाई देऊन मालकाची जबाबदारी संपत नाही. धोका कुठे आहे हे काम सुरू होण्याआधी शोधून लिहून ठेवणं त्याच्यावर बंधनकारक झालं. धोका उगमापाशीच मोडायचा, मुखपट्टी हा शेवटचा उपाय. खर्च कामगाराच्या माथी मारायचा नाही. कामगारांना विचारायचं. आणि गंभीर, तत्काळ धोका दिसला तर काम सोडून बाहेर पडणाऱ्याला शिक्षा करायची नाही. खडक असो वा धूळ, या नियमापुढे दोन्ही सारखे. २०१७ मध्ये सिलिकाच्या श्वसनक्षम धुळीची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम ठरली. अमेरिकेत ती २०१६ पासून त्याच्या निम्मी आहे.

आपल्याकडचा कायद्याचा प्रवास थोडक्यात : नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली, व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री असताना बाबासाहेबांनी आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती मांडली, १९४६ मध्ये ती झाली, १९४८ चा कारखाना कायदा, १९५२ चा खाण कायदा, भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतरची १९८७ ची दुरुस्ती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं सामावून घेणारी व्यावसायिक सुरक्षा संहिता.

संहितेत नोकरी लागताना नियुक्तिपत्र आणि ठराविक कामगारांची वर्षातून एकदा मोफत वैद्यकीय तपासणी आहे. चांगली गोष्ट आहे. पण सिलिकाची धूळ आता खाणीत कमी आणि आपल्या घरांत जास्त उडते, हे बनशंकरीत फिरताना दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजमधले जुने बंगले पाडून चार मजली इमारती उठतायत. प्रत्येकीच्या दारात एक मुलगा हातातल्या कटरने ग्रॅनाइट किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याचा कृत्रिम क्वार्ट्झ कोरडाच कापत असतो, तोंडाला रुमाल. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिका नव्वद टक्क्यांपर्यंत असते, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. हा मुलगा ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे काम करतो, पुढच्या महिन्यात दुसऱ्या वस्तीत असतो. त्याची छाती वर्षातून एकदा तपासणार कोण आणि कुठल्या वहीत लिहिणार? राजस्थानने २०१९ मध्ये दगडकामगारांसाठी वेगळं धोरण करून रोगाचं प्रमाणपत्र आणि मदत यांची रचना उभी केली. तेही रोग झाल्यानंतरचं आहे, पण निदान त्या माणसाची नोंद तरी होते. कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने याच्या पुढे जाऊन कोरड्या कापण्यावरच बंदी आणली पाहिजे.

त्याला फार मोठं तंत्र लागत नाही. पात्यावर पाण्याची बारीक धार सोडणारे कटर बाजारात मिळतात, धूळ ओढून घेणारी झाकणंही मिळतात. ओटा मापाने कारखान्यातच ओला कापून आणला तर दारात कापायला फारसं काही उरत नाही. आमच्या गल्लीत दोन घरमालकांनी ठेकेदाराच्या करारात ही अट लिहून घेतली, मी स्वतः त्यांच्याबरोबर बसून मसुदा केला. ठेकेदाराने चौरस फुटामागे थोडे पैसे वाढवून मागितले आणि ते दिले गेले. महापालिका बांधकामाचा परवाना देताना पावसाचं पाणी साठवण्याची अट घालते. त्याच कागदावर ओल्या कापणीची एक ओळ घालता येईल. प्रभागाच्या अभियंत्यांकडे तसं निवेदन दिलं आहे.