लेसर धातुनिक्षेपणातील चूर्णप्रवाह

लेसर शलाकेने धातूच्या पृष्ठाचा लहानसा भाग वितळवून त्यात धातूचे चूर्ण सोडणे व थरावर थर रचीत वस्तू घडविणे किंवा झिजलेला भाग भरून काढणे, या पद्धतीस लेसर धातुनिक्षेपण म्हणतात. अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळांत १९९०–२००० या दशकात या पद्धतीचा एक प्रकार विकसित झाला. टरबाइनाच्या पात्यांसारखे महागडे भाग दुरुस्त करण्यासाठी ती उपयोगी पडते. वितळलेल्या डबक्यात पडलेला कण थराचा भाग बनतो. बाजूच्या घन पृष्ठावर पडलेला बहुधा उसळून वाया जातो. म्हणून चूर्ण नेमके कोठे पोहोचेल, याचे गणिती प्रतिमान तयार करणे महत्त्वाचे ठरते.

प्रोथाची रचना : समाक्ष प्रोथात (तोटीत) मध्यातून लेसर शलाका व तिच्या भोवतीच्या निमुळत्या वलयाकार फटीतून किंवा अनेक छिद्रांतून चूर्ण बाहेर पडते. चूर्ण वाहून नेण्यासाठी आर्‌गॉनसारखा अक्रिय वायू वापरतात. कणांचा व्यास सामान्यतः ४५ ते १५० मायक्रोमीटर असतो. प्रोथाखाली काही मिमी. अंतरावर सर्व धारा एकत्र येतात; त्या स्थानास चूर्णाचे केंद्र म्हणतात.

कणांची गती : कण वायूबरोबर वाहतो, ही समजूत येथे पुरती खरी नाही. निकेलाच्या मिश्रधातूच्या (घनता सु. ८·२ ग्रॅ./घ. सेंमी.) ८० मायक्रोमीटर व्यासाच्या कणास वायूच्या बदललेल्या वेगाशी जुळवून घेण्यास सु. ०·१३ सेकंद लागतो. परंतु ३ मी./से. वेगाने ५ सेंमी. लांबीचा प्रोथ ओलांडण्यास सु. ०·०१७ सेकंद पुरतो. या दोन कालांचे गुणोत्तर, म्हणजे स्टोक्स अंक, सु. ८ येते. त्यामुळे वायू वळला, तरी कण सरळ जाऊन भिंतीवर आदळतो. धारेचा आकार बव्हंशी या आदळण्यांवरच ठरतो. म्हणून आदळण्यापूर्वीच्या व नंतरच्या वेगांचे गुणोत्तर आणि भिंतीचा खडबडीतपणा यांची योग्य मूल्ये घेतली नाहीत, तर वायुप्रवाहाचे गणित कितीही अचूक असले, तरी केंद्राचे स्थान व रुंदी चुकते.

प्रतिमाने : साध्या प्रतिमानात केंद्राजवळील चूर्णाची संहती अक्षावर सर्वाधिक व कडेकडे गौसीय वितरणानुसार घटणारी मानतात. अधिक तपशीलवार प्रतिमानात वायूची संक्षोभी गती संगणकाने काढून तीत हजारो कणांचे मार्ग एकेक करून शोधतात. दर मिनिटास ५ लि. आर्‌गॉन व १० ग्रॅ. चूर्ण घेतल्यास चूर्णाचे घनफळ वायूच्या सु. ०·०२ टक्केच भरते, म्हणून कणांच्या परस्पर टकरी बहुधा वगळतात. परंतु वायूचे वस्तुमान सु. ८ ग्रॅ. म्हणजे चूर्णाच्या जवळपास असते. तेव्हा कणांचा वायूवरील उलट परिणाम वगळताना सावध राहावे लागते. शिवाय कण शलाकेचा काही प्रकाश अडवितात व स्वतः तापतात, हेही हिशेबात घ्यावे लागते.

पडताळा व उपयोग : प्रकाशाच्या पातळ पडद्याने धारा उजळून तिची जलद छायाचित्रे घेतात व ती गणिताशी ताडून पाहतात. कार्यपृष्ठ केंद्राच्या किंचित वर ठेवल्यास उंचावलेल्या जागी चूर्ण कमी व खोलगट जागी अधिक पडते आणि थर आपोआप सपाट होत जातो. पृष्ठ केंद्राच्या खाली गेल्यास याउलट घडून उंचसखलपणा वाढत जातो. काही मिमी.च्या या फरकावर दुरुस्त केलेल्या भागाचा भरवसा अवलंबून असतो. मात्र वापराने प्रोथाचे तोंड झिजते व धारेचा आकार बदलतो. म्हणून नव्या प्रोथासाठी काढलेले उत्तर पुन्हापुन्हा तपासणे आवश्यक असते.